खळे, पेव आणि गाडगे : सोलापूर जिल्ह्यातील बियाणे वाळवण व साठवणीचा इतिहास

प्रस्तावना

दख्खनच्या दुष्काळांचा इतिहास लिहिताना धान्याचा हिशेब मांडला जातो. किती पिकले, किती साठले, किती बाहेर गेले, किती भावाने विकले गेले, याची चर्चा होते. त्याच धान्यातून पुढील हंगामासाठी बाजूला काढलेल्या बियाण्याचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक दुष्काळाचे वर्ष संपल्यावर शेतकऱ्यासमोर उभा राहणारा पहिला प्रश्न खाण्याचा असतो, तसाच पेरण्याचाही असतो. धान्य आणि बियाणे दिसायला एकच असले तरी त्यांच्या साठवणीचे गणित वेगळे आहे. धान्य खाण्याजोगे राहिले की पुरे. बियाणे जिवंत राहावे लागते. हा जीव टिकतो की जातो हे मुख्यतः दाण्यातील ओलाव्यावर, म्हणजेच ते कसे वाळवले गेले यावर ठरते.

सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा प्रदेश. अवर्षणप्रवण पट्ट्यातील या जिल्ह्यात सरासरी वार्षिक पाऊस सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पडतो आणि त्यातही सप्टेंबरचा पाऊस महत्त्वाचा ठरतो. या प्रदेशात बियाणे वाळवण्याच्या व साठवण्याच्या पद्धती कशा घडल्या, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत त्या कशा बदलल्या आणि या बदलांचा शेतकऱ्याच्या स्वावलंबनाशी कोणता संबंध होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दामाजीपंतांचे कोठार : एक दुर्लक्षित प्रश्न

सोलापूर जिल्ह्याच्या धान्यसाठ्याच्या इतिहासाची सुरुवात लोकमानसात मंगळवेढ्यापासून होते. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली आणि त्या धान्याची किंमत प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारात भरली, ही कथा महाराष्ट्राला परिचित आहे. महिपतींच्या ‘भक्तविजय’ या ग्रंथात ती आली आहे. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातून एक सामाजिक वास्तव दिसते. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी प्रसिद्ध होती, तेथे धान्याचा मोठा साठा होत असे आणि हा साठा जगण्या-मरण्याचा प्रश्न सोडवू शकत असे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, यावरून या ख्यातीचे सातत्य ध्यानात येते.

परंतु कथा एका प्रश्नाविषयी मौन पाळते. कोठारातील धान्याने माणसे जगली; पुढच्या हस्ताच्या पावसावर त्यांनी पेरले काय? सरकारी साठ्यातील ज्वारी पेरणीयोग्य होती का? या प्रश्नाचे उत्तर दामाजीपंतांच्या कथेत मिळत नाही. ते मिळते साठवणीच्या पद्धतींत.

पांढरीतील पेव

जुन्या सोलापुरातील धान्यसाठ्याचे मुख्य साधन म्हणजे पेव. शेतजमिनीची ‘काळी’ आणि गावठाणाची ‘पांढरी’ हा भेद मराठी ग्रामव्यवस्थेत सर्वश्रुत आहे. काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते; म्हणून पेव काळीत न खणता पांढरीत किंवा मुरमाड, उंचवट्याच्या जागी खणले जाई. तोंड अरुंद, पोट रुंद असा हा खड्डा. आतून तो शेकून किंवा लिंपून कोरडा केला जाई, तळाशी व कडेने कडबा आणि भुसा लावला जाई, धान्य भरल्यावर तोंडावर दगड ठेवून ते मातीने बंद केले जाई.

पेवाची कार्यपद्धती आजच्या विज्ञानाच्या भाषेत सांगता येते. दाणा श्वसन करतो, त्यात असलेले किडेही श्वसन करतात. बंद पेवातील प्राणवायू हळूहळू संपतो आणि कर्बद्विप्राणिल वायू साठतो. त्यामुळे सोंडे किड्यासारख्या किडी मरतात आणि धान्य वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, ते काही काळ उघडे ठेवावे आणि आधी दिवा सोडून पाहावा, हा ग्रामीण भागातील दंडक याच वायूच्या अनुभवातून आला. पेवात गुदमरून माणसे दगावल्याच्या आठवणी अनेक गावांत सांगितल्या जातात.

मात्र पेवाची हीच शक्ती बियाण्याच्या दृष्टीने मर्यादा ठरते. जमिनीतील ओल कडेच्या थरांत उतरते, दाणा थोडा दमट होतो, उबारा धरतो. पिठाला वास व चव येते. तरीही ते खाता येते. पण उबदार व दमट अवस्थेत कोंब आतल्या आत क्षीण होतो. पेवातील ज्वारी पेरणीसाठी वापरू नये हा शेतकऱ्यांचा अनुभव त्यामुळे शास्त्राला धरून आहे. पेव पोटाची हमी देत होते, पेरणीची नव्हे.

सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे हे याच भेदाचे शेजारचे उदाहरण होय. तेथे साठवली जाणारी हळद उकडून वाळवलेली असते. तिच्यात अंकुरण्याची शक्ती उरलेली नसते, म्हणूनच ती पेवात निर्धास्त ठेवता येई. लागवडीची हळद, म्हणजे बेणे, मात्र वेगळे, सावलीत व हवेशीर जागी ठेवले जाते. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळदीचे मोठे नुकसान झाले, तेव्हा हानी व्यापाऱ्यांची व मालाची झाली. पुढील हंगामाचे बेणे त्या पेवांत नव्हते.

घरातील बियाणे : वाळवण्याच्या रीती

बियाण्याचा मार्ग धान्यापासून शेतातच वेगळा होई. उभ्या पिकात भरदार, निरोगी कणसे हेरून ठेवली जात. रब्बी ज्वारीची काढणी माघ-फाल्गुनात, म्हणजे साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. उपटलेले ताट काही दिवस शेतात आडवे पडून वाळे, नंतर पेंढ्या बांधून कणसे मोडली जात. खळे शेणाने सारवून त्यावर कणसांचा थर पसरला जाई, मध्ये तिवडा रोवून बैलांची पात धरली जाई. मळणी झाल्यावर वाऱ्याच्या दिशेने उफणणी होई आणि रास पडे.

या सर्व क्रियांत वाळवण अंतर्भूत होती. तिच्यासाठी वेगळा खर्च नव्हता, कारण ऋतूच अनुकूल होता. फाल्गुनातील सोलापूरची हवा कोरडी असते. दाणा हा सभोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत राहतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असता ज्वारीच्या दाण्यातील ओलावा सुमारे साडेआठ टक्क्यांपर्यंत उतरतो. आर्द्रता ७५ टक्के झाली की तोच ओलावा सुमारे १५ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे फाल्गुन-चैत्रातील खळे हे निसर्गाने दिलेले वाळवणयंत्रच होते.

खरी परीक्षा पुढे होती. रब्बीचे बियाणे फाल्गुनात निघते आणि पेरले जाते भाद्रपद-आश्विनात. या सहा-सात महिन्यांत त्याला वैशाखाची उष्णता आणि आषाढ-श्रावणातील दमट हवा अशा दोन अवस्थांतून जावे लागते. उन्हाळ्यात वाळलेला दाणा पावसाळ्यात उघडा राहिला तर पुन्हा ओल धरतो. म्हणून वाळवणीइतकेच महत्त्व वाळलेले बियाणे झाकून ठेवण्याला होते. सोलापूर भागातील घरे माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. माळवदावर उन्हे देऊन झाल्यावर बियाणे थंड करून गाडग्यांत किंवा मडक्यांत भरले जाई, त्यात चाळलेली कोरडी राख व कडुनिंबाचा वाळलेला पाला मिसळला जाई आणि तोंड फडके बांधून शेणमातीने लिंपले जाई. काही घरांत निवडक कणसे चुलीवरच्या तुळईला टांगली जात. चुलीचा धूर व ऊब यांमुळे पावसाळ्यातही ती कोरडी राहत आणि किडीपासून दूर असत. खाण्याची ज्वारी कणगीत किंवा भिंतीतील बळदात, बियाणे मात्र उतरंडीत किंवा तुळईला, अशी ही विभागणी होती.

हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे होते. कणसे निवडणे, उन्हे देणे, दाणा दाताखाली धरून तो ‘कट्ट’ असा फुटतो की दबतो हे पाहणे, राख चाळणे, पावसाळ्यात उघाड मिळताच गाडगी पुन्हा तपासणे या गोष्टी त्यांच्या हाती होत्या. महसुली दप्तरात या श्रमाची नोंद होण्याचे कारण नव्हते. चाड्यावर मूठ धरणारा कर्ता दिसतो. त्या मुठीतील दाणा सात महिने जिवंत ठेवणारा हात दिसत नाही.

वाळवणीच्या रीती पिकागणिक बदलत. भुईमुगाच्या शेंगा कडक उन्हात फार तापल्या तर त्यांची उगवण घटते, म्हणून बियाण्याच्या शेंगा सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवून न फोडता ठेवल्या जातात. हरभरा व तूर यांना भुंग्याचा उपद्रव असल्याने त्यांना कडक उन्हे देऊन राखेत ठेवणे इष्ट ठरते. एकच ऊन एका बियाण्याला तारते व दुसऱ्याला मारते, हे ज्ञान परंपरेत होते.

बियाणे गेले की सावकार आला

बियाण्याच्या या घरगुती व्यवस्थेची आर्थिक बाजू दुष्काळात उघडी पडे. पावसाने ताण दिला आणि पीक बुडाले तर घरातील बियाणेच खाण्यात जाई. पेरून उगवले नाही, दुबार पेरणी करावी लागली, तरीही गाडगे रिकामे होई. मग सावकाराच्या दारात जाऊन सवाईने किंवा दिढीने बी आणावे लागे. एक मण नेल्यास सुगीला सव्वा किंवा दीड मण परत करायचा, असा हा व्यवहार. मुदत जेमतेम एका हंगामाची असल्याने हे व्याज फार जड होते. शिवाय मिळालेले बी सावकाराच्या साठ्यातले. ते कसे वाळवले व कोठे ठेवले होते, याची खात्री ऋणकोला नसे. न उगवणाऱ्या बियाण्याचेही कर्ज फेडावेच लागे.

१८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उठाव झाले आणि पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. सोलापूर हा त्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. १८८१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ च्या तुलनेत घटलेली आढळली. १८६० मध्येच सोलापूरपर्यंत लोहमार्ग आला होता. त्यामुळे दुष्काळात बाहेरून धान्य आणणे शक्य झाले, त्याचप्रमाणे सुकाळात धान्य बाहेर विकणेही सोपे झाले. साठा गावात ठेवण्याऐवजी बाजारात नेण्याची प्रवृत्ती वाढली आणि पेवांचे जुने महत्त्व ओसरू लागले.

शासनाने योजलेल्या उपायांत बियाण्याची दखल घेतलेली दिसते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी करण्यात आला. १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने बी व बैल यांच्या खरेदीसाठी तगाई देण्याची तरतूद केली. मात्र तगाई म्हणजे बियाण्यासाठी पैसा. चांगले वाळवलेले, उगवणारे बियाणे नव्हे. पैसा सरकारचा, पण बी पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या कोठारातले, अशी स्थिती राहणे स्वाभाविक होते.

संशोधन केंद्रे आणि मालदांडी

विसाव्या शतकात बियाण्याच्या गुणवत्तेकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी या जिल्ह्यात आली. १९३३ साली सोलापूर येथे इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या साहाय्याने कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. एन. व्ही. कानिटकर यांनी कोरडवाहू शेतीवर केलेले काम याच परंपरेतील असून त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकात, म्हणजे १९३० च्या सुमारास व नंतर, मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने ‘मालदांडी ३५-१’ हा वाण विकसित झाला. जाडसर, मोत्यासारखा दाणा, चवदार भाकरी आणि जनावरांना आवडणारा कडबा यांमुळे तो रब्बी ज्वारीचा मानदंड बनला आणि नंतरच्या अनेक वाणांची तुलना त्याच्याशीच करण्यात आली.

१९६० नंतरच्या घडामोडींशी मालदांडीची तुलना उद्बोधक आहे. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले, १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला, १९६६ मध्ये बियाणे कायदा संमत झाला आणि १९७६ मध्ये अकोला येथे ‘महाबीज’ची स्थापना झाली. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने घ्यावे लागते, कारण त्याच्या दाण्यातून पुढच्या पिढीत तोच गुण येत नाही. त्याच्या जोडीला वाळवणीचेही एक कारण होते. खरिपातील लवकर येणाऱ्या संकरित ज्वारीचा दाणा परतीच्या पावसात सापडतो, बुरशी धरतो आणि काळा पडतो. असा दाणा खळ्यावर वाळवून घरात बियाणे म्हणून ठेवणे शक्यच नव्हते. याउलट मालदांडीचे पीक कोरड्या हवेत निघते आणि घरचे बी घरीच वाळते. मालदांडी शेतकऱ्याच्या हाती टिकून राहिली यामागे भाकरी व कडबा यांबरोबर फाल्गुनातील कोरडी हवाही होती, असे म्हणता येते.

१९७२ च्या दुष्काळाने धान्य व बियाणे यांतील भेद पुन्हा दाखवून दिला. त्या काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो लोकांनी नाइलाजाने खाल्ला. त्याने भूक भागली. पण सोलापूरच्या काळ्या रानात रब्बीला पेरण्यासाठी तो कामाचा नव्हता. धान्य जहाजातून आणता येते. या मातीत व या ऋतूत येणारे बी येथेच जपावे लागते.

प्रमाणित बियाण्याचे गणित

नव्या बीजव्यवस्थेने परंपरेतील अनुभवाला आकड्यांचे रूप दिले. भारतातील प्रमाणीकरणाच्या मानकांनुसार ज्वारीच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७५ टक्के असावी लागते. ओलावा साध्या पिशवीत कमाल १२ टक्के, तर हवाबंद वेष्टनात कमाल ८ टक्के असावा लागतो. हरभऱ्यासाठी उगवणशक्तीची मर्यादा ८५ टक्के, तर भुईमुगासाठी ७० टक्के आहे. हवाबंद वेष्टनासाठी ओलाव्याची अट अधिक कडक असते, याचे कारण पेवाच्या अनुभवाशी जुळणारे आहे. आत कोंडलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि दाण्याचा नाश करतो.

अमेरिकन बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे. बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य दुप्पट होते. साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरले तरी ते दुप्पट होते. हा नियम साधारणपणे ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या मर्यादेत लागू पडतो. त्याप्रमाणे १४ टक्क्यांऐवजी १२ टक्क्यांवर वाळवलेले बी चौपट काळ टिकावे. थंड साठवणगृह उभारणे खर्चाचे आहे. दोन टक्के ओलावा उन्हात घालवणे मात्र सामान्य शेतकऱ्याला शक्य आहे.

यंत्राने वाळवताना वेगळी दक्षता लागते. ओलावा १८ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास हवेचे तापमान ३२ अंश, १० ते १८ टक्के असल्यास ३८ अंश आणि १० टक्क्यांखाली असल्यास ४३ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त नसावे, असे मानले जाते. ओले बी एकदम तापवले तर बाहेरून कोरडे दिसते, पण आतील अंकुर मरतो. पूर्वी ताट, कणीस, खळे आणि माळवद अशा टप्प्यांनी होणारी सावकाश वाळवण या दृष्टीने सुरक्षित होती. मळणीयंत्र आल्यावर वेळ व श्रम वाचले. पण वेग अधिक ठेवल्यास दाण्याला सूक्ष्म तडे जातात आणि त्याची उगवण घटते. पत्र्याच्या कोठ्या आल्या, त्यांनी उंदीर व किडी रोखल्या. मात्र अर्धवट वाळलेले बी त्यांत भरले तर ते घामेजून खराब होते. साधन सुधारले, तसा वाळवणीचा नेमकेपणा अधिक आवश्यक झाला.

बदलता पाऊस, बदलते पीक

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर जिल्ह्याच्या मोठ्या भागाची पीकरचना बदलली. ऊस वाढला, ज्वारीची खळी कमी झाली आणि पांढरीतील पेवे बुजली. बार्शीसारख्या भागात खरिपाचे सोयाबीन आले. सोयाबीनचे बियाणे फार नाजूक असते. त्याचे टरफल पातळ, मळणीत सहज दुखावणारे आणि उगवण लवकर गमावणारे असते. म्हणूनच त्याची किमान उगवणशक्ती ७० टक्केच धरलेली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, सोयाबीन भिजले आणि २०२० च्या खरिपात राज्यभरातून बियाणे न उगवल्याच्या तक्रारी आल्या. काढणीच्या काही दिवसांत वाळवण साधली नाही, त्याची किंमत पुढच्या जूनमध्ये दुबार पेरणीच्या रूपाने मोजावी लागली. कारणे व कायदे बदलले, तरी १८७० च्या दशकातील शेतकऱ्याची अडचण आणि ही अडचण यांचे मूळ एकच आहे.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँडविना विकण्याचा हक्क मान्य केला आहे. तथापि बी राखण्याचा हक्क आणि बी जिवंत राखण्याची क्षमता या भिन्न गोष्टी आहेत. पूर्वी ही क्षमता ऋतूने, माळवदाने आणि घरातील स्त्रियांच्या कौशल्याने दिली होती. काढणीच्या दिवसांतील पाऊस वाढला, माळवदे गेली आणि ते कौशल्य पुढच्या पिढीकडे पोचले नाही, तर कायद्यातील हक्क कागदावर राहण्याचा धोका आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, सोलापूरच्या ग्रामीण व्यवस्थेत धान्य व बियाणे यांची साठवण पूर्वीपासून स्वतंत्र होती. पेव, कणगी व बळद ही पोटासाठी, तर गाडगे व तुळईला टांगलेले कणीस पेरणीसाठी होते. दुसरा, रब्बी ज्वारीच्या बियाण्याचे स्वावलंबन काढणीच्या काळातील कोरड्या हवेवर उभे होते. जेथे पीक पावसात निघते तेथे ते टिकले नाही. तिसरा, कर्ज, तगाई आणि प्रमाणीकरण या संस्थात्मक उपायांनी बियाण्याची उपलब्धता वाढवली. परंतु वाळवणीचे काम घरातून उठून बीजप्रक्रिया केंद्रात गेले आणि शेतकरी त्या प्रमाणात परावलंबी झाला.

या अनुषंगाने गावपातळीवर सामाईक वाळवण-ओटे, ओलावा मोजण्याची साधी साधने आणि पेरणीपूर्वी गोणपाटात १०० दाणे गुंडाळून घ्यावयाची उगवण चाचणी यांना प्राधान्य देणे उचित ठरेल. इतिहासाच्या अभ्यासकांनीही दुष्काळाच्या साधनांकडे पाहताना कोठारातील धान्याबरोबर उतरंडीतील गाडग्याचा शोध घ्यावयास हवा. दामाजीपंतांच्या कोठाराने एका वर्षाची भूक भागवली असेल. त्यानंतरच्या सुगीसाठी कोणाच्या तरी घरी कोरडे राखलेले बी शिल्लक असावे लागले, आणि ते राखणाऱ्यांची नावे इतिहासाने नोंदवलेली नाहीत.